लेझीम पथकाचे २८ टी-शर्ट: इस्त्रीनं पॅच बसवण्याच्या नोंदी

२३ ऑगस्ट, शनिवार

काल पोळा झाला आणि आज सकाळीच मुलीच्या शाळेतले सर दोन पिशव्या घेऊन घरी आले. एकीत ३० टी-शर्ट, दुसरीत ३४ पॅच. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनानंतर, मुलींचं लेझीम आहे. पथकात २८ जणी. गेल्या महिन्यात मुलाच्या जीन्सच्या गुडघ्यावर मी ६० रुपयांचा तयार पॅच इस्त्रीनं बसवला होता. लेकीनं ते शाळेत सांगितलं. सर म्हणाले, "ताई, एवढं कराल का? टेलर एका शर्टाचे ३० रुपये मागतोय." मी हो म्हणाले. जीन्सचा तो पॅच पाच-सहा धुण्यांनंतरही घट्ट आहे, त्यामुळे भीती वाटली नाही.

पुढच्या वर्षी हे काम दुसऱ्या कुणा आईकडे जाईल. तिला उपयोगी पडावं म्हणून रोजचं रोज लिहून ठेवतेय.

सामान असं आहे. टी-शर्ट मरून रंगाचे, दुकानदार ज्याला डॉटनीट म्हणतात त्या कापडाचे. पॅच गोल, साडेसात सेंटिमीटरचा. निळ्या कापडावर पिवळी लेझीम, भोवती पिवळी जाड कडा, आणि खाली पांढऱ्या दोऱ्यात '१७ सप्टेंबर १९४८'. ही अक्षरं जेमतेम ५ मिलिमीटर उंच आहेत. हैदराबाद संस्थान भारतात आलं ती तारीख. नुसतं शाळेचं नाव नको, तारीख सालासकट पाहिजे, हा मुलींचा हट्ट होता आणि तो मला आवडला.

पॅच उलटे करून पाहिले तर सगळे सारखे नव्हते. २८ पॅचच्या पाठीवर पातळ प्लास्टिकसारखा चकचकीत थर आहे, नखानं खरवडला की पांढरी रेघ उमटते. हाच चिकटणारा थर. उरलेल्या ६ पॅचच्या पाठीवर मात्र नुसता दोरा आणि पांढरा बकरम (ताठ अस्तराचं कापड) दिसतोय. म्हणजे ते शिवायचे पॅच, इस्त्रीचे नव्हेत. सरांनी भरतकामवाल्याला फोन लावला. बदलून देतो, पण आठ-दहा दिवस लागतील, असं उत्तर आलं. मीच राहू द्या म्हणाले. पॅच हातात घेतानाच प्रत्येक उलटा करून बघायला हवा.

२४ ऑगस्ट, रविवार

आधी जुन्या सुती पिशवीवर करून बघितलं. इस्त्री सुतीच्या खुणेवर, तीन ठिपक्यांवर. पॅचवर जुना रुमाल, त्यावर ३० सेकंद दाब. असा बसला की नखानं कडा उचलता येईना.

तेवढ्या भरवशावर मी पहिला टी-शर्ट घेतला. खुणा त्याच, वेळ तोच. रुमाल उचलला तर पॅचभोवती इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचा चकाकता डाग. डॉटनीटच्या कापडावर बारीक बारीक खळगे असतात. त्या डागापुरते सगळे खळगे बुजून कापड सपाट झालं होतं. बोट फिरवलं की आजूबाजूला खरखर लागायची आणि तिथं मेणकापडासारखं गुळगुळीत. पाणी मारलं, उलट बाजूनं वाफ दिली, ब्रशनं घासलं. काही फरक नाही. पॉलिस्टर एकदा उष्णतेनं दबलं की पुन्हा उठत नाही.

एवढं होऊनही पॅच नीट बसला नव्हताच. मधे चिकटलेला आणि कडेनं सगळीकडून उचललेला.

एक शर्ट गेला. किंमत १७० रुपये. सरांना लगेच फोन करून सांगितलं, लपवण्यात अर्थ नव्हता. हा शर्ट मी टाकून दिला नाही. पुढचे सगळे प्रयोग याच्यावरच करायचे ठरवलं.

२५ ऑगस्ट, सोमवार

आज इस्त्री तापवली नाही. नुसती चौकशी केली.

शर्टाच्या आतल्या शिवणीत लेबल आहे, ते काल वाचायलाच हवं होतं. १०० टक्के पॉलिस्टर, आणि इस्त्रीच्या चित्रात एक ठिपका. एक ठिपका म्हणजे ११० अंशांपर्यंत, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. सगळीकडे हाच हिशोब असतो. पॅच बनवणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, त्याच्या प्रेसवर १५० ते १६० अंशांना १५ सेकंद. खरी अडचण इथं कळली. डिंक वितळायला जेवढं लागतं तेवढं कापडाला चालत नाही. जीन्सला ही अडचण नव्हती, कारण जाड सुती कापड २०० अंश सहज सोसतं.

दुसरी चूक जागेची. काल मी पलंगावर, गादीवर सतरंजी टाकून केलं होतं. गादी खाली दबते, सगळा जोर तिच्यातच जातो, पॅचला पोचत नाही. आज माळ्यावरून जुना सागवानी पाट काढला. रंग दिलेला पाट घेऊ नका, तैलरंग तापला की कापडाला लागतो. पाटावर जुन्या सुती लुगड्याची चौपदरी घडी घातली. पाट जमिनीवर ठेवून गुडघ्यावर बसलं की अंगाचा भार सरळ इस्त्रीवर येतो. टेबलाजवळ उभं राहून एवढा जोर लागत नाही.

केकचं सामान विकणाऱ्या दुकानातून बटर पेपरचा रोल आणला, ८५ रुपये. रुमालाऐवजी हा कागद बरा, कारण डिंक त्याला धरत नाही. वर्तमानपत्र मुळीच वापरू नका, शाई उतरते.

इस्त्री आमची साधी, बिनवाफेची, ७५० वॅटची. जाऊबाईंनी वाफेची देऊ केली होती. तिच्या बुडाला भोकं आहेत, आणि भोकांखाली ना उष्णता लागते ना दाब. या कामाला साधीच चांगली.

२६ ऑगस्ट, मंगळवार

पाट आणि बटर पेपर घेऊन चार शर्ट केले. इस्त्रीची चकती दोन ठिपक्यांच्या पुढे, तीनच्या थोडी अलीकडे. वरून, म्हणजे पॅचच्या बाजूनं, ४० सेकंद. इस्त्री पॅचच्या आकाराबाहेर जाऊ नये म्हणून कागदाच्या पुठ्ठ्याला गोल भोक पाडून ते भोवती ठेवलं. चकाकी अगदी फिकट आली, दोन हातांवरून दिसणार नाही इतकी. कडा घट्ट. अक्षरं पांढरी, स्वच्छ. फोटो काढून सरांना पाठवला.

चौथा शर्ट चालू असताना लाईट गेली. अर्धवट तापलेल्या इस्त्रीनं तसंच दाबत राहिले नाही हे बरं केलं. उद्या गणपती बसणार, म्हणून सगळं कपाटात ठेवलं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

कपाट उघडलं तर चारही पॅचवर '१७ सप्टेंबर १९४८' गुलाबी झालेलं.

आधी वाटलं, शर्टाचा रंग कच्चा असेल. पण हे शर्ट अजून पाण्यात गेलेलेच नाहीत. तरी खात्री करायची म्हणून एक न वापरलेला पॅच ओल्या मरून कापडात गुंडाळून वाटीखाली दाबून ठेवला. चार तासांनी काढला, पांढराशुभ्र. मग पांढऱ्या पॉलिस्टर ओढणीचा तुकडा खराब शर्टावर ठेवला आणि तीन ठिपक्यांवर २० सेकंद इस्त्री दाबली. ओढणीवर मरून कापडाच्या खळग्यांसकट गुलाबी ठसा उमटला, ठिपका न् ठिपका दिसत होता. म्हणजे रंग पाण्यानं नाही, उष्णतेनं जातोय.

संध्याकाळी स्टेशनकडं गेले होते, तिथं कप आणि टी-शर्टवर फोटो छापणारं एक दुकान आहे. त्या मुलाला ओढणीचा तुकडा दाखवला. तो म्हणाला, "मावशी, आमचा तर धंदाच ह्याच्यावर चालतो." पॉलिस्टरला लावायचा रंग खूप तापला की त्याची वाफ होते आणि ती शेजारच्या पॉलिस्टरमधे शिरून बसते. ते लोक मुद्दाम २०० अंशांच्या आसपास कागदावरचा रंग कापडात उतरवतात. माझ्याकडं तेच उलट्या दिशेनं झालं, शर्टातला रंग पॅचच्या पांढऱ्या दोऱ्यात गेला. रंग दोऱ्याच्या आत गेलेला असतो, धुऊन निघत नाही. गडद शर्ट आणि पांढरी अक्षरं असतील तर उष्णता कमी ठेवा, एवढंच त्यानं सांगितलं. पैसे घेतले नाहीत.

लेकीनं पॅच बघितला आणि काही बोलली नाही. साल घालायचं तिनंच वर्गात लावून धरलं होतं. मग मी ठरवलं, गुलाबी अक्षरांचा एकही शर्ट मैदानावर जाणार नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

चार पॅच काढले. पद्धत अशी: पॅचवर बटर पेपर, दोन ठिपक्यांवर १५ सेकंद, आणि डिंक गरम असतानाच चिमट्यानं एका कडेनं सोलायचं. थंड झाल्यावर ओढलं तर जाळीचं कापड ताणून वेडंवाकडं होतं, पहिल्या शर्टावर ते शिकले. बोटं पोळतात, चिमटाच घ्या. शर्टावर राहिलेल्या डिंकावर जुनं सुती फडकं ठेवून इस्त्री टेकवली की बराचसा फडक्याला लागून येतो. थोडा राहतो, पण त्याच जागी नवा पॅच येणार असल्यानं तो झाकला जाईल.

या खटाटोपात इस्त्रीच्या बुडाला डिंक लागून काळा झाला. कागदावर जाडं मीठ पसरून कोमट इस्त्री त्यावरून फिरवली, निघाला. आमच्या इस्त्रीचं बूड साधं आहे म्हणून हे चाललं. काळं नॉनस्टिक बूड असेल तर मिठानं चरे पडतील, तिथं कोमट असतानाच जाड ओल्या फडक्यानं पुसा, प्लग काढून.

हिशोब: डिंकाचे २८ पॅच होते, त्यातला पहिला आणि हे चार गेले, राहिले २३. बिनडिंकाचे ६. मिळून २९. लागणार २८. परवा ज्या सहा पॅचवरून मी चिडले होते त्यांच्यामुळंच काम निभतंय.

३० ऑगस्ट, शनिवार

दिवसभर खराब शर्टावर, पहिल्या पॅचच्या उरल्यासुरल्या डिंकावर आणि काल काढलेल्या चारांपैकी एका पॅचवर प्रयोग केले. आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची आहे.

वरून इस्त्री केली की उष्णतेला भरतकामाचा जाड थर, खालचं निळं कापड आणि बकरम ओलांडून डिंकापर्यंत जावं लागतं. म्हणून जास्त तापवावं लागतं, आणि तेवढ्यात शर्ट बिघडतो. शर्ट उलटा करून आतून इस्त्री केली तर मधे फक्त शर्टाचं पातळ कापड. डिंक लगेच जागा होतो. त्यामुळे कमी उष्णतेत भागतं, फक्त वेळ जास्त द्यायचा.

जे जमलं ते असं. चकती बरोबर दोन ठिपक्यांवर. इस्त्रीचा लाल दिवा विझला की उचलायची, दिवा लागलेला असताना नाही. दिवा विझतो तेव्हा ती ठरलेल्या उष्णतेला पोचलेली असते. आधी पॅचची जागा नुसतीच १० सेकंद दाबायची. मग पॅच ठेवून वरून बटर पेपर लावून १० सेकंद, फक्त जागेवर धरण्यापुरतं. मग शर्ट उलटा करून, पॅच पाटाकडं तोंड करून, आतून बटर पेपर ठेवून १२ सेकंदांचे चार दाब. दोन दाबांमधे चार-पाच सेकंद सोडायचे. इस्त्री घासायची नाही, उचलून ठेवायची, घासली की पॅच सरकतो.

शेवटचा दाब झाल्यावर लगेच त्या जागेवर सपाट बुडाचं, पाण्यानं भरलेलं थंड पितळी पातेलं तीन मिनिटं. डिंक थंड होतानाच धरतो, आणि थंड होताना वर वजन असलं तर कडा उचलत नाहीत. पातेल्यासह आणि पातेल्याशिवाय दोन्ही करून बघितलं. फरक नखाला कळतो.

चकाकी नाही. ओढणीच्या तुकड्यावर रंग नाही. हा पॅच तसाच ठेवून दिला, एक दिवसाआधी पाण्यात घालायचा नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

महालक्ष्म्या झाल्या. तीन दिवस इस्त्रीकडं बघायलासुद्धा वेळ नव्हता. घरात पाहुणे, सोळा भाज्या, आंबील, पुरण.

आज प्रयोगाचा शर्ट धुतला. मुद्दाम जसा आमच्याकडं धुतला जातो तसा: बोअरचं जड पाणी, पावडर, ब्रश, आणि दगडावर आपटून. पहिल्या धुण्याला काही नाही. वाळवला, पुन्हा धुतला. दुसऱ्या धुण्यानंतर 'सप्टेंबर'च्या खालची कडा अंगठ्याच्या नखाएवढी सुटली. कमी उष्णतेत बसवलेला डिंक मुलींच्या घामाला आणि आपटण्याला पुरा पडणार नाही.

आत्याबाई बाजूला वाकळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी शर्ट हातात घेतला, सुटलेली कडा अंगठ्यानं दाबून बघितली आणि म्हणाल्या, "चिकटवलेलं धरून ठेवायपुरतं असतंय माय. ठिगळ दोऱ्यानंच ऱ्हातंय." त्यांच्या वाकळीत माझ्या सासऱ्यांच्या धोतराचं ठिगळ आहे, माझ्या लग्नाआधीचं. धोतर विरलंय, टाका हललेला नाही.

ठरलं. इस्त्रीनं पॅच जागेवर बसवायचा आणि कडेनं शिवायचा. मग डिंक कमी घट्ट असला तरी चालतो, उष्णता वाढवायची गरजच उरत नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

मशीननं शिवता येईल का ते पाहिलं. पायमशीनवर १४ नंबरची सुई लावली. पाच-सहा टाके नीट पडले आणि मग टाके सुटायला लागले. सुई बघितली तर डिंकानं चिकट झालेली. पुसून पुन्हा घेतली, पुन्हा तेच. त्यात सरळ टीप मारली की जाळीचं कापड ताणलं जाऊन पॅचभोवती चुण्या येतात. जीन्सला मशीन चालेल, या कापडाला नाही. दोन तास गेले. हातानंच शिवायचं.

५ ते ७ सप्टेंबर

सगळे शर्ट एकदा साध्या पाण्यात पावडर घालून धुतले. नव्या कापडाला कारखान्यातलं काही ना काही लावलेलं असतं, त्यावर डिंक धरत नाही. कपडे मऊ करणारं वासाचं लिक्विड टाकू नका, त्याचाही थर बसतो.

पाऊस थांबत नाही. शर्ट घरात दोरीवर, पंख्याखाली. हाताला कोरडे लागले म्हणून दोन शर्ट घेतले, तर इस्त्री टेकवताच वाफ निघाली आणि पॅचखाली डिंक पांढरट, फुगीर झाला. काढून पुन्हा बसवले. तेव्हापासून पहिला नुसता दाब १० ऐवजी २० सेकंदांचा केला. वाफ बंद झाली की मगच पॅच.

एका शर्टाला वेगळंच झालं. डिंक जाळीतून आरपार उतरला आणि पुढचा भाग मागच्या भागाला चिकटला. गरम असतानाच लक्षात आलं म्हणून सुटला. आता प्रत्येक शर्टाच्या पोटात बटर पेपरचा तुकडा.

जागा ठरवायला मला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ लागला. शर्ट पाटावर सपाट पसरून डाव्या बाजूला बरोबर दिसेल असा पॅच ठेवला आणि लेकीला घालायला दिला. तिनं लेझीमसारखे हात वर केले आणि पॅच काखेकडं वळून अर्धा दिसेनासा झाला. अंगावर कापड गोल फिरतं, सपाट पसरल्यावर ते कळत नाही. मग टाचणीनं लावून, हात वर-खाली करायला लावून जागा पक्की केली. पॅचचा मध्य शर्टाच्या मधल्या रेषेपासून साडेसात सेंटिमीटर, खांद्याच्या शिवणीपासून खाली ३० नंबरला १५, ३२ ला १६, ३४ ला १७. पुठ्ठ्याचे तीन साचे कापले आणि त्यांवरच सगळे बसवले.

एका शर्टाला साधारण नऊ मिनिटं, त्यातली तीन पातेल्याखाली. दुसरं पातेलं घेतल्यावर काम पुढं सरकलं. तीन दिवसांत २३ डिंकाचे पॅच बसले. पाच शर्टांवर बिनडिंकाचे पॅच नुसते टाचून ठेवले.

८ ते १२ सप्टेंबर

शिवणकाम. पथकातल्या चार मुलींच्या आया दुपारी आमच्याकडं येऊन बसल्या. आत्याबाईंनी पहिला शर्ट सगळ्यांना करून दाखवला.

धावदोरा नको म्हणाल्या, तो ओढला जातो. उलटी टीप घालायची. पिवळा दोरा एकेरी, मेणबत्तीच्या तुकड्यावरून ओढलेला. सुई आतून वर काढायची ती पॅचची जाड कडा आणि निळं कापड यांच्या मधल्या बारीक खाचेत. तिथून अर्धं पेर मागं जाऊन खाली, एक पेर पुढं जाऊन वर. टाका खाचेत बसतो आणि वरून शोधूनही सापडत नाही. दर आठ-दहा टाक्यांनी कापड दोन्ही हातांनी हलकं ताणायचं, म्हणजे दोरा कापडाबरोबर सैल होतो. हे केलं नाही तर शर्ट अंगात घालताना टाका तुटतो. हे त्यांनी सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं. वाकळीच्या कापडाला ताण नसतो, तरी या नव्या कापडाचा ताण त्यांनी नुसता हातात धरून ओळखला.

इस्त्रीनं आधी बसवलेला पॅच शिवताना सरकत नाही, हा डिंकाचा खरा फायदा. टाचलेल्या पाच शर्टांना प्रत्येकी अर्धा तास लागला आणि त्यातले दोन किंचित तिरके झाले, उसवून पुन्हा शिवले. डिंकवाले सुरुवातीला २५ मिनिटांत व्हायचे, शेवटी १५ मिनिटांवर आले. डिंकातून सुई काढताना बोट दुखतं. अंगठीसारखं अंगुस्तान वापरा, आणि सुई मधून मधून स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा.

१४ सप्टेंबर, रविवार

२८ शर्ट घडी घालून सरांकडं दिले, चांगला एक शर्ट आणि एक पॅच शिल्लक.

खर्च लिहिते. बटर पेपर ८५, पिवळ्या दोऱ्याच्या तीन रिळा ४५, हातसुया २०, मशीनच्या सुया ४०. हे १९० रुपये. वाया गेलं ते असं: एक शर्ट १७०, पाच पॅच प्रत्येकी ४० प्रमाणे २००. एकूण ५६०. टेलरनं २८ शर्टांचे ८४० घेतले असते. वाचले २८० रुपये. वेळ मात्र इस्त्रीचा साडेचार तास, शिवणाचा सगळ्यांचा मिळून १० तास, आणि फसलेल्या प्रयोगांचा निदान ११ तास. पैशासाठी करायचं असेल तर टेलरकडं द्या. पण त्या दुपारी आयांनी एकमेकींच्या लेकींचे शर्ट शिवले, ते मला पुन्हा करायला आवडेल.

१७ सप्टेंबर, बुधवार

सकाळी भुरभुर होती, झेंडावंदनापुरती थांबली. लेझीम सुरू झाल्यावर पुन्हा आली आणि मुली थांबल्या नाहीत. मी कडेला उभी राहून फक्त पॅच बघत होते. हात वर गेले की २८ गोल एका रेषेत. पाऊस आणि घाम दोन्ही लागलं. कार्यक्रमानंतर जेवढ्या जवळ आल्या तेवढ्यांचे पॅच बोटानं चाचपले. पांढरी अक्षरं पांढरीच होती.

२१ सप्टेंबर, रविवार

चार दिवसांत बहुतेक घरी शर्ट दोनदा धुतले गेले. मुलीमार्फत सगळ्यांना विचारलं. २६ शर्टांना काही नाही. दोघींचा दोरा एकेका जागी तुटलाय, दोन्ही मी शिवलेले, पहिल्या दिवसाचे. उसवून बघितलं तर टाके ताठ ओढलेले, मधे कापड ताणून घेतलेलं नव्हतं. दोन्ही ठिकाणी खालचा डिंक धरून होता म्हणून पॅच लोंबला नाही. त्यातला एक आज दुपारी आत्याबाईंनी शिवून दिला, दुसरा मी शिवायला घेतलाय. शिल्लक पॅच आणि पुठ्ठ्याचे तीन साचे पिवळ्या दोऱ्यासह एका पिशवीत घालून, वर '३०, ३२, ३४' लिहून सरांकडं पाठवतेय.